देशोदेशीच्या कैद्यांच्या आकड्यांची तुलना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

भारतात दर लाख लोकसंख्येमागे ४० च्या आसपास माणसं तुरुंगात आहेत, अमेरिकेत ५०० च्या वर. बडोद्यातल्या आंतरमहाविद्यालयीन वादविवादांत हे दोन आकडे हमखास ऐकायला मिळतात. त्यामागून येणारं ‘म्हणजे आपली व्यवस्था बारा-तेरा पटींनी सौम्य’ हे वाक्य मात्र त्या आकड्यांतून निघतच नाही. फतेगंजच्या सोशल वर्क फॅकल्टीत माझा प्रबंध याच विषयावर होता. आता दर वर्षी नवी मुलं-मुली तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे. कायदा, समाजशास्त्र, पत्रकारिता, कुठूनही आलेले असलात तरी चालेल. गणित सातवीचं आहे. कस लागतो तो तळटीपा वाचण्यात.

आधी हे जमवून ठेवा

- राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दर वर्षी ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’ काढतो. किमान चार वर्षांचे अहवाल उतरवून घ्या, एकाच वर्षावर थांबू नका.
- ‘वर्ल्ड प्रिझन ब्रीफ’. लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधून चालणाऱ्या या संग्रहात जवळजवळ प्रत्येक देशाचं स्वतंत्र पान आहे.
- संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्येचे अंदाज आणि आपल्या राज्यांसाठी केंद्राच्या तज्ज्ञगटाचा २०११ ते २०३६ या काळाचा लोकसंख्या-प्रक्षेपण अहवाल.
- एक्सेल किंवा लिबरऑफिस. मोबाइलवर हे काम करू नका, तक्ते तुटक दिसतात आणि तळटीप नजरेतून सुटते.
- एक साधी वही. कुठला आकडा कुठल्या अहवालातल्या कुठल्या तक्त्यातून घेतला, हे त्याच वेळी लिहायचं. महिन्याभराने तो तक्ता पुन्हा शोधणं फार जिवावर येतं.

नेट धड चालत नसेल तर हंसा मेहता लायब्ररीत बसा.

१. प्रश्न एका ओळीत लिहा

‘कोणत्या देशात कैदी जास्त’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतात आणि जपानमध्ये दर लाख लोकसंख्येमागे किती माणसं कोठडीत होती, आणि त्यांतल्या किती जणांना शिक्षा झालेली होती’ हा प्रश्न कामाचा. त्यात तारीख आहे, प्रदेश आहे, कोणाला मोजायचं ते आहे. एवढं ठरलं नसेल तर एक्सेल उघडू नका.

२. वरचा आकडा: कोणाकोणाला मोजलंय?

दर म्हणजे एक भागाकार. वर कैदी, खाली लोकसंख्या, आणि उत्तराला एक लाखाने गुणायचं. बहुतेकांची गाडी वरच्या आकड्यावरच घसरते, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

चीन घ्या. त्याच्या नावापुढे साधारण १७ लाख कैदी आणि ११९ च्या आसपास दर दिसतो. हे सगळे शिक्षा झालेले, न्याय मंत्रालयाच्या तुरुंगांतले. खटला सुरू व्हायचा आहे म्हणून पोलिसांच्या ताब्यातल्या वेगळ्या कोठड्यांत असलेले लोक त्यात धरलेले नाहीत. आपल्या आकड्यात मात्र खटला चालू असलेलेच बहुसंख्य. हे दोन आकडे शेजारी मांडून ‘चीनमध्ये आपल्या तिप्पट’ असं लिहिणं हा चीनवरही अन्याय आणि वाचकावरही.

अमेरिकेत दोन निरनिराळ्या यंत्रणा आहेत. राज्यांचे आणि संघराज्याचे तुरुंग ही एक. २०२२ च्या अखेरीला तिथे १२ लाखांच्या वर माणसं होती. जिल्हा पातळीवरच्या स्थानिक जेल ही दुसरी, तिथे साडेसहा लाखांच्या आसपास. तिथल्या न्याय सांख्यिकी विभागाच्या अहवालात २०२२ साठी ३५५ हा दर सापडेल, तर ‘वर्ल्ड प्रिझन ब्रीफ’मध्ये ५०० च्या वरचा. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात फक्त एका वर्षाहून जास्त शिक्षा झालेले आहेत, दुसऱ्यात स्थानिक जेलमधलेही आले. भारताशी तुलना करताना दुसराच घ्यायचा, कारण आपला अहवाल मध्यवर्ती कारागृहापासून सब-जेलपर्यंत सगळं एकत्र मोजतो. अमेरिकेतल्या राज्याराज्यांची तुलना करायची असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. अलास्का, कनेटिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या सहा राज्यांत तुरुंग आणि जेल एकाच यंत्रणेत आहेत. त्यामुळे तुरुंगांच्या तक्त्यात त्यांचे आकडे शेजारच्या राज्यांच्या मानाने फुगलेले दिसतात.

ब्रिटनचा एकच आकडा शोधत बसू नका. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांची कारागृह-व्यवस्था वेगवेगळी, म्हणून पानंही तीन. नॉर्वेचं प्रकरण तर वर्गात सांगण्यासारखं आहे. २०१५ ते २०१८ या काळात नॉर्वेने नेदरलँड्समधला नॉर्गरहावन तुरुंग भाड्याने घेतला होता आणि आपले दोनशेच्या वर कैदी तिथे ठेवले होते. माणूस एका देशात आणि शिक्षा दुसऱ्या देशाची. असे कैदी कोणाच्या खात्यावर, हे टिपेत वाचल्याशिवाय कळत नाही.

भारताच्या आकड्यातून कोण सुटतं तेही लिहून ठेवा. पोलीस लॉकअपमधले नाहीत. बाल न्याय कायद्याखाली निरीक्षणगृहांत असलेली मुलं नाहीत.

३. खालचा आकडा: भागायचं कशाने?

३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतात ५,७३,२२० कैदी होते. २०११ च्या जनगणनेच्या १२१ कोटींनी भागलं तर दर ४७ येतो. २०२२ च्या अंदाजे १४२ कोटींनी भागलं तर ४०. सातचा हा फरक कैद्यांमुळे पडलेला नाही, जुनी जनगणना वापरल्यामुळे पडला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कैदी ज्या वर्षाचे त्याच वर्षाचा लोकसंख्येचा अंदाज घ्या आणि तो कुठून घेतला ते लिहा.

दुसरी गोष्ट वयाची. ऑस्ट्रेलियाचा सांख्यिकी विभाग आपला दर फक्त १८ वर्षांवरच्या लोकसंख्येवर काढतो. अमेरिकेचा ३५५ चा दर प्रौढांवर काढला की साडेचारशेच्या आसपास जातो, कैदी तेवढेच. भारतात १५ वर्षांखालची मुलं साधारण चौथा हिस्सा आहेत, जपानमध्ये आठव्या हिश्श्याच्या जवळपास. प्रौढांवर भागलं की आपला दर जपानपेक्षा जास्त वर सरकतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच तक्त्यात एक देश एका पद्धतीने आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीने, हे चालत नाही.

एक निव्वळ हातकामाची अडचण. अहवालातला ५,७३,२२० हा आकडा एक्सेलमध्ये डकवला की कित्येकदा तो मजकूर म्हणून बसतो आणि बेरजेत शून्य धरला जातो. आधी स्वल्पविराम काढून टाका. परदेशी तक्त्यांतला एक मिलियन म्हणजे दहा लाख, हेही थकल्यावर विसरायला होतं.

४. तारीख बघा

एनसीआरबीचा आकडा ३१ डिसेंबरचा. युरोप परिषदेच्या वार्षिक अहवालाचा ३१ जानेवारीचा. महिन्याभराच्या फरकाने काही बिघडत नाही, वर्षांच्या फरकाने बिघडतं. एल साल्वाडोरमध्ये मार्च २०२२ मध्ये आणीबाणीची स्थिती जाहीर झाली आणि धरपकड सुरू झाली. तिथला दर हजाराच्या पुढे गेला, आज तो जगात सर्वांत वर आहे. त्या देशाचा २०२१ चा आकडा आणि इतरांचा २०२३ चा घेतलात तर सगळी यादीच खोटी ठरते.

५. कच्चे किती, पक्के किती?

सगळ्या पायऱ्यांत माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक प्रबंधांत हीच नसते.

आपल्याकडे जेलच्या दारात उभं राहिलं की ‘काचा कामचा’ आणि ‘पाका कामचा’ असेच शब्द कानावर पडतात. कच्चा म्हणजे खटला चालू असलेला, पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. २०२२ अखेरच्या ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२ कच्चे होते. शेकडा ७५.८. जगात सरासरी तीन कैद्यांत एक असा असतो, आपल्याकडे चारांत तीन.

आता भारत आणि जपान शेजारी ठेवा. जपानचा दर ३५ च्या आसपास, आपला ४०. एकूण आकडा बघणारा म्हणेल, दोघं सारखेच. पण जपानमधले बहुतेक कैदी शिक्षा भोगणारे आहेत. आपले शिक्षा झालेले १,३३,४१५ घेतले तर दर दहाच्याही खाली येतो, आणि उरलेले तीसेक कच्चे. म्हणजे आपल्या ४० मधली तीस माणसं अशी आहेत, जी दोषी आहेत की नाहीत हेच अजून ठरायचं आहे. हा भाग लपवून आपल्या कमी दराचा अभिमान बाळगणं मला पटत नाही, आणि तुम्हीही ते करू नये असं मनापासून वाटतं. त्या तिसांत जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळालेली माणसं आहेत. तपास रखडलेली, तारखेला न्यायला पोलीस जाप्ता नाही म्हणून कोर्टापुढे उभीच न राहिलेली माणसंही आहेत.

एकूण आकडा स्थिर दिसताना आत काय उलथापालथ होते, त्याचं उदाहरण म्हणजे कोविडचं वर्ष. २०१९ अखेर ४,८१,३८७ कैदी होते, २०२० अखेर ४,८८,५११. फारसं काही घडलंच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात शिक्षा झालेले सुमारे १ लाख ४४ हजारांवरून १,१२,५८९ वर आले, कारण पॅरोलवर पुष्कळ जण सुटले. कच्चे ३,३२,९१६ वरून ३,७१,८४८ वर गेले, कारण न्यायालयांचं काम मंदावलं. दोन बदलांनी एकमेकांना झाकून टाकलं.

२०२४ नंतरचे आकडे वापरणार असाल तर तिथे एक उभी रेघ मारून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तो जामिनावर सुटायला पात्र ठरतो, इतर जण निम्मा काळ काढल्यावर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही. जुन्या प्रकरणांनाही ती लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं.

६. किती आले आणि किती दिवस राहिले?

३१ डिसेंबरची गणती म्हणजे त्या रात्री बराकीत किती जण होते एवढंच. वर्षभरात आत येणारे त्याच्या कितीतरी पट: भारतात साधारण १८ लाख प्रवेश वर्षाला, आणि एकच माणूस दोनदा आला तर दोनदा मोजला जातो. बडोदा स्टेशनच्या फलाटावर एका वेळी किती गर्दी, हे किती प्रवासी आले यावर ठरतं तसंच गाडी किती लेट आहे यावरही ठरतं. कैद्यांचं अगदी तसंच.

हिशेब सोपा आहे. पावणेसहा लाखांना १८ लाखांनी भागलं तर साधारण एक तृतीयांश वर्ष, म्हणजे चारेक महिने. एका प्रवेशामागे सरासरी मुक्काम एवढा. सरासरी म्हटली की तिच्या दोन्ही टोकांना माणसं असतात: आठवड्यात जामिनावर सुटलेला, आणि पाच वर्षं निकालाची वाट बघणारा. दोन देशांचा दर वेगळा दिसला की आधी हे विचारा, तिथे जास्त लोकांना आत टाकतात की कमी लोकांना जास्त काळ ठेवतात? अमेरिकेच्या मोठ्या दरात लांबलचक शिक्षांचा वाटा फार मोठा आहे.

७. दर वेगळा, गर्दी वेगळी

२०२२ मध्ये भारतातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि भरणा १३१.४ टक्के. दर कमी असूनही गर्दी, कारण जागाच दर लाखामागे ३१. जपानचे तुरुंग निम्म्याच्या आसपास भरलेले असतात. दोन्ही गोष्टींसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवा, एकात गुंतवू नका.

८. राज्यांची तुलना

आपल्याकडच्या मुलांना गुजरात आणि मध्य प्रदेश ही जोडी सुचतेच, निम्म्या घरांचे नातेवाईक इंदूर-ग्वाल्हेरला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात ४८-४९ हजार कैदी होते, लोकसंख्या साडेआठ कोटी. दर ५७ च्या जवळपास. गुजरातेत १६-१७ हजार, लोकसंख्या सात कोटी. दर २३-२४. एकाच कायद्याखालची दोन शेजारची राज्यं आणि दर दुपटीहून जास्त. यावरून ‘तिकडे गुन्हे दुप्पट’ असं लिहू नका. पोलीस कोणत्या कलमाखाली अटक करतात, जामीन किती दिवसांत होतो, पॅरोल-फर्लो (शिक्षेदरम्यान मिळणारी सुट्टी) किती सढळ आहे, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं.

दिल्लीला या यादीत नुसतीच घुसवू नका. तिथे अठरा हजारांवर कैदी आणि लोकसंख्या दोन कोटींच्या थोडी वर, दर नव्वदच्या आसपास. पण दिल्ली म्हणजे जवळजवळ निव्वळ शहर. तिची तुलना अख्ख्या राज्याशी न करता दुसऱ्या महानगराशी व्हायला हवी.

गुजरातच्या आकड्यात ‘पासा’चे स्थानबद्धही असतात. १९८५ च्या या कायद्याखाली खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येतं. अहवालात त्यांचा रकाना वेगळा असतो, कच्च्यांत किंवा पक्क्यांत ते धरलेले नसतात. पासा लागलेल्या बडोद्याच्या माणसाला बहुतेकदा सुरत, भुज, राजकोट असं लांब पाठवतात. घरची मंडळी डबा आणि आधार कार्ड घेऊन रात्रीची एसटी पकडतात, सकाळी मुलाकातीच्या रांगेत उभी राहतात. तो माणूस बडोद्याचा, गणतीत मात्र भुजचा.

९. लहान प्रदेश असेल तर थांबा

सेशेल्स बेटांचा दर २०१४ च्या सुमारास जगात सर्वांत वर होता. लोकसंख्या लाखाच्या आत, कैदी काहीशे, आणि त्यांत तिथे खटला चाललेले सोमाली समुद्री चाचेही. एवढ्या लहान लोकसंख्येत पन्नास माणसं वाढली की दर पन्नासाने उडी मारतो. अशा ठिकाणी दराऐवजी माणसांची प्रत्यक्ष संख्या द्या, किंवा पाच वर्षांची सरासरी काढा.

१०. तक्त्याखालची टीप

प्रत्येक तक्त्याखाली चार गोष्टी हव्यात: कोणाला मोजलं, कोणत्या दिवशी, कोणत्या लोकसंख्येवर, कुठल्या अहवालातून. नमुना असा: ‘सर्व प्रकारच्या कारागृहांतील सर्व बंदी, पोलीस कोठडी वगळून, ३१ डिसेंबर २०२२, त्याच वर्षाची अंदाजित एकूण लोकसंख्या, प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया २०२२.’ क्रमवारी लावायची असेल तर एका-दोन अंकांच्या फरकावरून वर-खाली करू नका. ३५ आणि ३७ यांत फरक आहे असं म्हणण्याइतके हे आकडे नेमके नसतात.

११. बडोद्याचा आकडा हवा असेल तर

मुलं विचारतात, आपल्या शहराचा दर काढू का? मध्यवर्ती कारागृहाची संख्या घेऊन शहराच्या लोकसंख्येने भागू नका. तिथे आसपासच्या जिल्ह्यांतले लांब शिक्षेचे कैदी असतात, आणि आपल्या शहरातले काही इतरत्र. त्याऐवजी जेलमधल्या कैद्यांची रचना अभ्यासा: कच्चे-पक्के, वय, किती महिन्यांपासून आत. नॅशनल प्रिझन इन्फर्मेशन पोर्टलवर रोजची संख्या दिसते, पण ती ३१ डिसेंबरच्या गणतीशी जुळवायला जाऊ नका.

बारीक माहितीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातमध्ये फी २० रुपये, केंद्राच्या कार्यालयात १० रुपये. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर अर्ज परत येण्याची शक्यता जास्त. ‘१ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२२, प्रत्येक महिन्याच्या अखेरची बंदीसंख्या, कच्चे, पक्के आणि स्थानबद्ध असे वेगळे’ इतकं नेमकं लिहा. कोणा कैद्याचं नाव मागू नका, त्याची तुम्हाला गरजही नाही. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आत जाऊन कैद्यांशी बोलायचं असेल तर फॅकल्टीचं पत्र, प्रश्नावलीची प्रत आणि ओळखपत्र जोडून कारागृह विभागाच्या अहमदाबाद मुख्यालयाकडे वेगळी परवानगी मागावी लागते, आणि तिला माहिती अधिकारासारखी मुदत नाही. म्हणून दोन्ही अर्ज ऑगस्टमध्येच टाका. दिवाळीपर्यंत निदान पहिल्याचं उत्तर हाताशी असेल, आणि दुसरी परवानगी नाहीच मिळाली तर विषय बदलायला वेळ उरेल.